नवख्याच्या प्रश्नाला उत्तर देताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

बारामतीहून फलटणला जाताना वाटेत आमची सांगवी लागते. गाव ओलांडलं की नीरा नदीचा पूल आणि पुलापलीकडे सातारा जिल्हा. गावातल्या चहाच्या टपरीसमोर अधूनमधून एखादी परक्या पासिंगची गाडी थांबते. आतला माणूस काच खाली करतो आणि विचारतो, ''पुलाकडं कुठनं जायचं हो?'' बाकावर बसलेले म्हातारबाबा लगेच हात करून दिशा दाखवत नाहीत. ते आधी विचारतात, ''पाव्हणं, जायचंय कुठं तुम्हाला?''

लहानपणी मला याचा राग यायचा. वाटायचं, माणसानं सरळ प्रश्न विचारलाय, सरळ उत्तर द्यावं. यांना कशाला पाहिजेत नसत्या चौकशा? पुढं कळलं, की ती चौकशी नव्हती. पाहुण्याला फलटणला जायचं असेल, तर पुलाची वाट बरोबर. पण त्याला कुणीतरी 'पुलाजवळची वस्ती' एवढंच सांगितलेलं असेल आणि ती वस्ती अलीकडंच असेल, तर पुलावर जाऊन त्याला परत फिरावं लागणार. म्हातारबाबांना पाहुण्याच्या प्रश्नापेक्षा त्याच्या कामाची काळजी होती.

मंडळी, मी गेली वीस-बावीस वर्षं संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करतो. या धंद्यात एक सुंदर प्रथा आहे. कुणाचं काही अडलं, की तो इंटरनेटवरच्या जाणकारांच्या मंडळात आपला प्रश्न मांडतो आणि जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला, ओळख ना देख असा माणूस, एक पैसा न घेता त्याला उत्तर देतो. १९८० साली अमेरिकेतल्या विद्यापीठांत 'यूजनेट' सुरू झालं, तेव्हापासून ही देवघेव चालू आहे. आपल्या पुण्यातही लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे. त्याच्या टपालयादीवर अनेकांनी आपले पहिले प्रश्न विचारले. २००८ साली जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की या दोघांनी 'स्टॅक ओव्हरफ्लो' सुरू केलं आणि मग प्रोग्रॅमिंगमधल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं एका जागी सापडू लागली. माझ्या पिढीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमरनं या अनोळखी माणसांचं मीठ खाल्लेलं आहे.

असं असताना याच मंडळांची एक वाईट ख्यातीही आहे. नवखा माणूस तिथं प्रश्न विचारायला घाबरतो. त्या भीतीत माझाही वाटा आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी दिलेलं उत्तर

गोष्ट २०१३ मधली. अशाच एका मंडळात मी रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर उत्तरं देत असे. एके रात्री एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला. इंग्रजी मोडकंतोडकं, सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी. पडदा कोरा करण्याची 'क्लिअर स्क्रीन'ची आज्ञा कॉलेजच्या संगणकावर टर्बो सी मध्ये चालते, पण मित्राच्या संगणकावर नव्या कंपायलरमध्ये चूक दाखवते, असं का? शेवटी लिहिलं होतं, 'प्लीज लवकर सांगा, उद्या प्रॅक्टिकल आहे.'

मी दिवसभर कामानं पिचलो होतो आणि हा प्रश्न त्या महिन्यात चार-पाच वेळा तरी पाहिला होता. मी लिहिलं, 'हे सॉफ्टवेअर बहुधा तुमच्या जन्माआधीचं आहे. ते वस्तुसंग्रहालयात नेऊन ठेवा आणि आधी भाषेचं एखादं नीट पुस्तक वाचा.' सात-आठ जणांनी माझ्या उत्तराला पसंती दिली. मला बरं वाटलं. दहा मिनिटांनी पाहतो, तर प्रश्न जागेवर नव्हता. विचारणाऱ्यानंच तो काढून टाकला होता.

त्याच वर्षी दिवाळीला सांगवीला आलो. माझी पुतणी तेव्हा संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती, रोज एसटीनं जाऊन-येऊन शिकत होती. तिची प्रॅक्टिकलची वही सहज हातात घेतली, तर पानापानावर तीच आज्ञा! मी म्हणालो, ''अगं, हे इतकं जुनं तुम्ही अजून वापरता?'' ती म्हणाली, ''काका, लॅबमध्ये तेच आहे. परीक्षेतपण तेच लिहायचं. दुसरं लिहिलं तर मार्क कोण देणार?'' मग मी विचारलं, ''अडलं तर इंटरनेटवर विचारत का नाहीस? इतके जाणकार बसलेले असतात.'' ती म्हणाली, ''एकदा विचारलं होतं. आता नाही विचारणार. तिथं उत्तर देत नाहीत, चारचौघांत अक्कल काढतात.''

माझ्या त्या उत्तराबद्दल मी तिला त्या दिवशी काही सांगितलं नाही.

इथं थोडा खुलासा करतो. टर्बो सी हे बोरलँड कंपनीनं १९८७ मध्ये बाजारात आणलेलं सॉफ्टवेअर. १९९० मध्ये टर्बो सी प्लस प्लस आलं. निळ्या पडद्यावर पिवळी-पांढरी अक्षरं. ते डॉस या जुन्या प्रणालीसाठी होतं. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते सरळ चालतसुद्धा नाही, त्यासाठी डॉसची नक्कल करणारा दुसरा प्रोग्रॅम लागतो. तरीही आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत ते २०१० नंतरही कितीतरी वर्षं शिकवलं जात होतं. त्यात पडदा कोरा करण्याची जी आज्ञा आहे, ती मुळात सी भाषेचा भागच नाही. ती त्या कंपनीनं पदरची जोडून दिलेली सोय आहे. पण अठरा वर्षांच्या मुलाला हे कसं कळावं? त्याला सरांनी एक अख्खा साचा दिलेला असतो. त्यातलं भाषेचं काय आणि कंपनीचं काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. जुनं साधन वापरणं ही त्याची निवड नव्हती. मी मात्र त्याचा दोष त्याच्या माथी मारून मोकळा झालो.

जाणत्याचा रोग

मग प्रश्न पडतो, की एरवी सज्जन असणारी माणसं इथं अशी का वागतात? त्याची दोन कारणं मला दिसतात.

पहिलं कारण असं, की एखादी गोष्ट एकदा कळली, की ती न कळण्याची अवस्था आपल्याला आठवतच नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीनं यावर एक गमतीदार प्रयोग केला. काही जणांना तिनं सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्यांच्या चाली टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितल्या. समोरच्यानं नुसत्या टकटकीवरून गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त तीन ओळखली गेली!

घरी करून बघा. गणपतीची आरती मनात म्हणत टेबलावर बोटं वाजवा आणि समोरच्याला ओळखायला सांगा. तुमच्या मनात झांजा, टाळ्या, सगळं वाजत असतं. समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. तो गोंधळला की आपल्याला वाटतं, 'एवढं सोपं कसं कळत नाही याला?' उत्तर देणारा जाणकार नेमका असा असतो. त्याच्या मनात सगळी चाल वाजत असते आणि नवख्याच्या पदरात टकटक पडते.

दुसरं कारण कंटाळा. इथं मला जाणकारांची बाजूही मांडली पाहिजे. यूजनेटवर दर वर्षी सप्टेंबरात विद्यापीठांतले नवे विद्यार्थी येत. त्यांना रीतभात ठाऊक नसे. जुनी मंडळी महिना-दोन महिने त्यांना सांभाळून घेत आणि मग सगळं सुरळीत होई. पण १९९३-९४ च्या सुमारास इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांना खुलं होऊ लागलं आणि नव्या माणसांचा लोंढा बारमाही झाला. जुने लोक त्याला 'कधीच न संपलेला सप्टेंबर' म्हणू लागले. शंभरदा दिलेलं उत्तर एकशे एकाव्यांदा द्यायचं, तेही फुकट, तेही दिवसभराच्या कामानंतर. माणूस चिडणारच. नेहमीच्या प्रश्नांची यादी करून ठेवण्याची जी पद्धत आज बँकेपासून वीजमंडळापर्यंत सगळीकडे दिसते, ती याच चिडीवरचा उतारा म्हणून संगणकवाल्यांनी रूढ केली.

२००१ साली एरिक रेमंड यांनी, 'प्रश्न शहाणपणानं कसे विचारावेत' यावर एक लांबलचक लेख लिहिला. तो फार गाजला. नवखा दिसला की त्याच्या तोंडावर तो लेख फेकायचा, अशी रीतच पडली. गंमत म्हणजे, त्याच लेखाच्या शेवटी उत्तर देणाऱ्यांसाठीही एक भाग आहे. सौम्यपणे बोला, पहिल्यांदा चुकणाऱ्याला चारचौघांत न बोलता एकट्याला सांगा, खात्री नसेल तर तसं सांगा, मदत जमत नसेल तर निदान अडथळा आणू नका, असं रेमंड सांगतात. तो भाग मात्र फारसा कुणी कुणाच्या तोंडावर फेकलेला मी पाहिला नाही.

पुढं ही गोष्ट मोठ्यांनाही जाणवली. २०१८ च्या एप्रिलमध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनं जाहीरपणे कबूल केलं, की आपल्याकडं नव्या माणसांना, विशेषतः नवशिक्यांना आणि स्त्रियांना, परकं वाटतं आणि हे बदललं पाहिजे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथं नव्या माणसाच्या नावापुढं 'हा नवीन आहे' अशी खूण दिसू लागली. गाडीच्या मागं लाल 'एल' लावतात ना, तशीच. सप्टेंबरमध्ये लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या तिखट जिभेबद्दल माफी मागितली. आणि विकिपीडियावर तर 'नवागतांना चावू नका' असा संकेतच लिहून ठेवलेला आहे.

एकच प्रश्न, तीन उत्तरं

आता एक उदाहरण घेऊ. एका मुलीनं एक ते पाच आकडे छापणारा प्रोग्रॅम लिहिला. पाच फेऱ्या मारा आणि प्रत्येक फेरीत आकडा छापा, एवढंच काम. पण पडद्यावर एक ते पाच येण्याऐवजी नुसता सहा हा आकडा उमटतो. ती दुपारभर डोकं धरून बसते आणि शेवटी विचारते.

पहिलं उत्तर येतं, 'मूलभूत गोष्टी आधी वाचा.' हे चूक नाही, पण निरुपयोगी आहे. काय वाचायचं हे तिला कळत असतं, तर तिनं विचारलंच नसतं.

दुसरं उत्तर म्हणजे अख्खा दुरुस्त केलेला प्रोग्रॅम. हे वरकरणी दयाळू. ती तो उतरवून घेते, वहीत चिकटवते आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा करते.

तिसरं उत्तर असं, 'सहा छापला जातोय, यातच खूण आहे. म्हणजे मोजणी पाचपर्यंत नीट झाली, पण छापण्याची ओळ फेऱ्यांच्या बाहेर राहिली. फेऱ्या सुरू करणाऱ्या ओळीच्या अगदी शेवटी कोणतं चिन्ह आहे, ते बघा. तिथं त्याचा अर्थ काय होतो?'

त्या ओळीच्या शेवटी तिनं सवयीनं अर्धविराम टाकलेला असतो. सी भाषेत अर्धविराम म्हणजे 'वाक्य इथं संपलं'. त्यामुळं पाच फेऱ्या रिकाम्याच फिरतात आणि मग छापण्याची ओळ एकदाच चालते, तोवर मोजणी सहावर जाऊन थांबलेली असते. हे तिला स्वतःला सापडलं, की जन्मात विसरत नाही.

आमच्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा, थोरला भाऊ खाली पाण्यात उभा राहणार, पोटाखाली हात धरणार आणि हळूच हात काढून घेणार. काठावरून ढकलून देऊन हसत बसणं म्हणजे पहिलं उत्तर. पोराला पाठीवर घेऊन विहीर पार करणं म्हणजे दुसरं. तिसऱ्या उत्तरात पोटाखालचा हात असतो, आणि तो कधी काढायचा याचा अंदाजही असतो. पोरगं गटांगळ्या खात असेल, तर आधी वर काढायचं. उद्या परीक्षा असलेल्याला आधी उद्यापुरता मार्ग सांगावा, तत्त्वज्ञान परवा.

काही साधी पथ्यं

इतक्या वर्षांच्या चुकांतून मी स्वतःसाठी काही पथ्यं केली आहेत. ती प्रोग्रॅमिंगपुरतीच आहेत असं नाही. ऑफिसात नव्या कारकुनाला, घरी आईला मोबाइल शिकवतानाही ती उपयोगी पडतात.

प्रश्न दोनदा वाचायचा आणि सांगवीच्या बाकावरचा प्रश्न आधी मनात आणायचा, याला जायचंय कुठं? 'नावातली शेवटची तीन अक्षरं कशी कापायची?' असं कुणी विचारतो. खरं तर त्याला फाइल कोणत्या प्रकारची आहे ते ओळखायचं असतं. पण तो प्रकार कधी तीन अक्षरांचा असतो, कधी चार. आपण अक्षरं कापायला शिकवली, तर तो चुकीच्या पुलावर जाणार.

'फक्त', 'नुसतं', 'सोपं आहे', 'उघड आहे' हे शब्द उत्तरातून काढून टाकायचे. 'तुम्ही फक्त एवढं करा' म्हटलं, की ज्याला ते जमत नाही त्याला दुप्पट लाज वाटते. शब्द काढून टाकल्यानं उत्तरात काहीही कमी होत नाही.

माहिती अपुरी असेल तर मागायची, पण एकेक करून. आधी चुकीचा संदेश जसाच्या तसा मागायचा. मग अडलेला भाग तेवढा. मग काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. हे तिन्ही एकदम दरडावून मागितले, तर ते पोलिस चौकीतल्या जबानीसारखं वाटतं.

प्रश्न आधी कुणी विचारलेला असेल तर जुन्या उत्तराचा पत्ता द्यायचा आणि सोबत एक ओळ लिहायची, की त्यातला कोणता भाग याला लागू पडतो. नवख्याला जुनं उत्तर सापडलं नाही, याचं कारण बहुतेक वेळा हे असतं, की शोधायचा शब्दच त्याला माहीत नसतो. तो शब्द आपण दिला, तर पुढच्या दहा गोष्टी तो स्वतः शोधतो.

खात्री नसेल तर तसं म्हणायचं. आपलं उत्तर चुकलं असं कुणी दाखवलं, तर ते दुरुस्त करायचं आणि आभार मानायचे. आणि चिडचिड होत असेल, तर उत्तरच द्यायचं नाही. कुणी आपल्याला आवतण दिलेलं नसतं. दुसरा कुणीतरी देईल. मी त्या रात्री गप्प बसलो असतो, तर निदान तो प्रश्न तिथं राहिला असता आणि कुणा भल्या माणसाच्या नजरेला पडला असता.

विचारणाऱ्याचीही जबाबदारी असते, नाही असं नाही. आधी स्वतः झटून बघावं, काय काय केलं ते सांगावं, 'अर्जंट' म्हणून इतरांना वेठीला धरू नये, आणि उत्तर लागू पडलं की तसं कळवावं. पण ही रीत शिकवायची कुणी? पंगतीत नव्यानं बसलेल्या पोराला वाढपीच सांगतो ना, की बाळा, वरण डावीकडं नको घेऊस.

भाषेचा उंबरठा

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. ती मराठीत विचार करतात आणि इंग्रजीत प्रश्न मांडतात. 'आय हॅव अ डाउट' असं ती लिहितात. आपल्याकडं डाउट म्हणजे शंका, साधा प्रश्न. इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचणाऱ्याला वाटतं, की याला आमच्या बोलण्याचा संशय आहे! आपण 'नमस्कार सर' म्हणून सुरुवात करतो आणि आभार मानून संपवतो, कारण घरी तेच शिकवलंय. स्टॅक ओव्हरफ्लोवर मात्र नमस्कार-आभार प्रश्नात नकोत असा संकेत आहे. पुढं हजारो लोक तो प्रश्न वाचणार, त्यांचा वेळ जायला नको, हे त्यामागचं कारण. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण ज्याच्या नमस्कारावर काट मारली जाते, त्याला ते कारण कुणी सांगत नाही. त्याला वाटतं, आपला नमस्कारही इथं नको आहे.

मराठीत उत्तर देणाऱ्यांनी आणखी एक बघावं. इंग्रजीतल्या 'यू'मध्ये सगळे सारखे. आपल्याकडं 'तू' की 'तुम्ही' हे ठरवावं लागतं. पलीकडं आठवीतला मुलगा असेल किंवा पंचावन्न वर्षांचे शिक्षक असतील. म्हणून मी 'तुम्ही'नं सुरुवात करतो. मुलाला 'तुम्ही' म्हटल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, शिक्षकांना 'अरे' म्हटल्यानं बिघडतं.

महानुभावांच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात एक प्रसंग आहे. एक विद्वान शिष्य संस्कृतात ग्रंथ रचू पाहत होता, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं. कारण काय, तर संस्कृतात लिहिलंत, तर माझ्या म्हाताऱ्या बायकांना त्यातलं काही मिळणार नाही. सातशे वर्षांपूर्वीचं हे बोलणं आहे. ज्ञान कुणासाठी आहे हे आधी ठरलं, की कोणत्या भाषेत सांगायचं ते आपोआप ठरतं.

आजही याचा एक चांगला दाखला आपल्याजवळच आहे. मुंबई आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा उपक्रम आहे. त्यात संगणकाचे छोटे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला-बघायला मिळतात. त्यांच्या प्रश्नांच्या दालनात एक छान सोय आहे. प्रश्न विचारताना पाठातल्या कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला अडलं, ते सांगायचं. म्हणजे विद्यार्थ्याला लांबलचक वर्णन करावं लागत नाही आणि उत्तर देणाऱ्यालाही नेमकी जागा सापडते. 'नीट प्रश्न विचार' असं दरडावण्यापेक्षा नीट प्रश्न विचारता येईल अशी जागा करून देणं केव्हाही चांगलं.

यंत्र रागावत नाही

आता कुणी म्हणेल, हे सगळं कशाला? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. मुलं आता यंत्रालाच विचारतात. खरं आहे. त्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवर येणाऱ्या प्रश्नांची संख्या खूपच घटली. मी काही विद्यार्थ्यांना विचारलं, की यंत्रच का? त्यांनी वेग सांगितला, मराठीत विचारता येतं हे सांगितलं, आणि एकानं सांगितलं, ''ते रागवत नाही.''

आम्हा जाणकारांना याहून मोठी चपराक कोणती? यंत्रं नवख्याशी बोलायला शिकत गेली आणि आम्ही माणसं तिथंच राहिलो. पायथन ही भाषा घ्या. २०२१ साली आलेल्या तिच्या ३.१० या आवृत्तीत चुकांचे संदेश मुद्दाम सुधारले. कंस उघडा राहिला, तर पूर्वी ती दुसऱ्याच ओळीवर 'वाक्यरचना चुकली' असं मोघम म्हणायची. आता सांगते, की हा कंस बंदच केलेला नाही, आणि नेमका तोच कंस दाखवते.

पण यंत्रालाच विचारण्यात दोन तोटे आहेत. एक म्हणजे ते चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं, म्हणूनच डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनं यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरं टाकायला मनाई केली. नवख्याला खरं-खोटं ओळखता येत नाही, आणि त्याच्यामागून येणाऱ्या कुणी ते उत्तर पाहिलेलंही नसतं, की 'हे चुकलंय' असं म्हणेल. दुसरा तोटा हळूहळू जाणवेल. मंडळात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं होतं, यंत्राला विचारलेलं त्या एकट्याजवळ राहतं. आणि आज विचारणारा उद्या उत्तर देणारा होतो, तेव्हाच अशी मंडळं टिकतात. माझ्याही पहिल्या प्रश्नाला कुणीतरी उत्तर दिलं होतं, म्हणून तर मी पुढं उत्तरं द्यायला बसलो.

माझी पुतणी आता पुण्यात नोकरी करते. मागं एकदा घरी आली होती, तेव्हा तिच्या मोबाइलवर कॉलेजच्या जुन्या गटात कुणा ज्युनिअरचा प्रश्न आला. तिनं लिहिलं, 'एरर पूर्ण पाठवता का? मलापण पहिल्या वर्षी इथंच अडलं होतं.' एवढंच. पण शेवटच्या सहा शब्दांनी समोरच्याची निम्मी भीती गेली असणार. त्या संध्याकाळी मी तिला २०१३ मधली ती गोष्ट सांगितली. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ''काका, त्याचं प्रॅक्टिकल होतं ना दुसऱ्या दिवशी?''

होय, होतं. त्याचं काय झालं, मला माहीत नाही. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, आणि प्रश्नच राहिला नाही म्हटल्यावर माफी कुठं लिहायची? त्याच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे दोन-तीन ओळींचं होतं. ते असं : 'ही आज्ञा सी भाषेची नाही, टर्बो सी सोबत मिळणारी आहे, म्हणून मित्राच्या नव्या कंपायलरला ती ओळखता येत नाही. उद्या कॉलेजच्या संगणकावर ती चालेल, तिथं तशीच लिहा. मित्राकडं सराव करताना ती ओळ काढून टाका, आणि पुढं काही अडलं तर पुन्हा विचारा.'

हे लिहायला मला दोन मिनिटं लागली असती. टोमणा सुचायला त्याहून जास्त वेळ लागला होता.